धूमकेतूचं चौपट

मी आयुष्यभर भाषा शिकवली. तरी आमच्या वडलांना, म्हणजे आबांना, आकाशातला हिशोब सांगायला मीच पुढे झालो. आगाऊपणा निवृत्त होत नाही.

त्या आठवड्यात सूर्य मावळला की पश्चिमेला दुर्बिणीतून एक पुसट धूमकेतू दिसत होता. कळंबच्या आमच्या गच्चीवर अर्धी आळी जमायची. आबा मात्र खाली, काळा चष्मा लावून. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. चष्मा उतरला तोवर धूमकेतू गेला होता.

"दारात आलं व्हतं, अन् मीच आंधळा," आबा म्हणाले. दुसऱ्या डोळ्याला तर ते हात लावू देत नव्हते. "चौऱ्याऐंशी झाली. आता काय बघायचं ऱ्हायलंय?"

पेपरात आलं होतं, त्याचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर पृथ्वीच्या चौपट. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "आबा, पृथ्वीला फेरीला एक वर्ष, याला चार. चार वर्षांनी येतोय परत."

"खळ्यावर मळणीला कडंचा अन् खुंट्याजवळचा बैल संगटच फेरी पुरी करत्यात. मग ह्यालाच चार का?"

"तिथं सगळे एका दाव्याला. वर ज्याचा तो मोकळा. वाट चौपट, वेळ चौपट."

आबांनी बोटं मोजली. अठ्ठ्याऐंशी. त्याच संध्याकाळी तंबाखू सोडली म्हणून डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "दुसऱ्या डोळ्याचा नंबर लाव."

मी फुशारकीनं ही गोष्ट शाळेतल्या जुन्या सहकाऱ्याला सांगितली. तो विज्ञानाचा. जुन्नरचा माणूस, तोंडावर बोलणारा.

"सर, तुमी कवितेवरच ऱ्हावा राव! लांबचं नुसतं लांबून न्हाई, हळूबी चालतं. अंतराचा घन करा, मग वर्गमूळ काढा."

चाराचा घन चौसष्ट, वर्गमूळ आठ. वाट चौपट आणि चाल निम्मी. खळ्यावर कडेच्या बैलाला पळावं लागतं. वर कडेचाच सगळ्यात रेंगाळतो. आबांच्या प्रश्नापाशी जरा थांबलो असतो, तर चालीचा विचार मलाही सुचला असता. पण उत्तर द्यायची घाई होती.

ऑपरेशन गुरुवारी होतं. सोमवार, मंगळवार मी गप्प बसलो. गप्प राहिलो तर डोळा वाचतो, सांगितलं तर माणूस पुन्हा 'आता काय बघायचं' म्हणत बसतो. शिवाय चूक कबूल करायची, तीही बापापुढे, साठी उलटल्यावर! पण आबा रोज विचारायचे, "गच्चीच्या जिन्याला कठडा कवा बसवायचा?" बुधवारी चहाच्या वेळी मी सांगून टाकलं.

"आठ?"

"आठ."

आबांनी बशी खाली ठेवून पुन्हा बोटं मोजली. "म्हंजी ब्याण्णव." मग हात पुढे केला. "डबी आण."

मी डबी दिली. आत पाहून म्हणाले, "कमी झालीय."

मी दुसरीकडे बघितलं. ते दोन दिवस मला जड गेले होते.

चिमूट मळता मळता आबा म्हणाले, "आठ वरसं तंबाखूबिगर न्हाई जमायचं मला. उद्याची गाडी सकाळी किती वाजता सांगितलीस?"

"साडेसातला."

"सातला सांग. अन् कठड्याचं इसरू नको."