भिमाजींच्या डब्यातली टेप

सावेडी नाका अजून दोन किलोमीटर होता, तेव्हा दमयंतीच्या चपलेचा अंगठा तुटला. रिक्षांचा बंद, कंपनीची जीप नवी डिस्क आणायला पुण्याला गेलेली, त्यात ऑक्टोबरचं ऊन. पुढे चालणारे भिमाजी थांबले, खिशातून सुतळीचा तुकडा काढला आणि चपलेला गाठ मारून दिली.

"स्टोअरचा मानूस हाय मी, ताई. खिशात काय बी सापडंल."

नागापूरच्या एका पंपांच्या कारखान्यात दमयंती कॉम्प्युटरची खोली सांभाळत होती. साल १९९७. त्या सकाळी मुख्य मशीनची, म्हणजे सर्व्हरची, डिस्क जळाली आणि तीन वर्षांची सगळी ड्रॉइंग्ज तिच्यातच होती. रोज संध्याकाळी त्यांची नक्कल टेपवर घेतली जाई. वारांच्या नावाच्या सहा टेपा होत्या, आणि आज सहाही वाचता येईनात. उरली ती एकच, भिमाजींच्या घरी ठेवलेली; तीच आणायला दोघं निघाली होती. तीही गेली तर चौदा माणसांना पहिल्या पंपापासून पुन्हा रेघा ओढायला बसावं लागणार होतं.

"काका, एक सांगू? रागवायचं नाही."

"रागावलो तर चपलेची गाठ सोडीन. बोला."

"खंडेनवमीला मी टेपच्या यंत्राची पूजा केली. हळद-कुंकू वाहिलं, अगदी त्याच्या तोंडावर. आज इंजिनीयरनं ते उघडलं, तर आत सगळी तांबडी पूड. त्यानंतर ज्या ज्या टेपा घातल्या, त्या सगळ्या..."

इतके दिवस यंत्र रोज 'झालं' म्हणत होतं आणि ती खरं मानून घरी जात होती.

भिमाजी रस्त्यातच थांबले. मग असे हसले, की टपरीवाल्यानं वळून पाहिलं.

"म्हंजे त्याला बी सवाष्ण केलं म्हना!"

"हसू नका हो. साहेबांना काय सांगू?"

"सांगू की. आदी टेप तर बगू."

भिमाजी मूळचे बेलापूरचे. सातवी करून कारखान्यात हमाल म्हणून लागले, पुढे स्टोअरकीपर झाले. ते नवीन असताना गोदामाला आग लागली. माल वाचला, पण कुठल्या खणात काय ते सांगणारी वही जळाली. चार महिने कुठलं बेअरिंग कुठल्या पंपाचं हे कुणाला सांगता येईना. ते भिमाजींच्या मनातून कधी गेलं नाही. सर्व्हर आला त्या दिवशी त्यांनी दमयंतीला दोनच गोष्टी विचारल्या.

"ह्याची नक्कल कारखान्याच्या बाहेर कुठं हाय? आन कुठलं ड्रॉइंग कुठं, कुनाला बगायची मुभा, ही यादी मशीनच्या पोटात हाय ना? तिची नक्कल कोन घेतं?"

कुणीच घेत नव्हतं. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी ड्रॉइंग्ज आणि यादी, दोन्ही एका टेपवर घेऊन भिमाजी घरी नेऊ लागले. ऑफिसातले चिडवत, "काका, आज कोणती गाणी?"

"भीमगीतं हायेत. तुमाला झेपायची न्हाईत."

घरी भिमाजींच्या बायकोनं, लंकाबाईंनी, पाणी दिलं. दमयंतीनं भिंतीवरच्या बुद्धाला हात जोडले, आणि मनातल्या मनात माळीवाड्याच्या गणपतीलाही.

"टेप व्हय? पिठाच्या डब्यामागं हाय, स्टीलच्या डब्यात," लंकाबाई म्हणाल्या. "टीव्हीपासनं लांब ठिव म्हनले हे. नातवंडांना सांगून ठिवलंय, त्या डब्यात शेव न्हाई."

दमयंतीनं भीत भीत विचारलं, "दसऱ्याला त्याची पूजाबिजा...?"

"दसऱ्याला आमी वंदनेला विहारात गेल्तो. डब्याला कुनी हात लावला न्हाई. का वो?"

भिमाजी दुसरीकडे बघून मिशीत हसले.

संध्याकाळी नवी डिस्क बसली, साफ केलेलं यंत्र जोडलं. दमयंतीनं टेप घातली. ती नुसतीच घरघरत राहिली. दमयंतीचं गणपतीच्या स्तोत्राचं तिसरं आवर्तन चालू होतं, तेव्हा पडद्यावर एकेक नाव उमटू लागलं. आधी यादी, मग ड्रॉइंग्ज, ज्याच्या त्याच्या जागी. गेलं ते मधल्या दोन-अडीच आठवड्यांचं काम, आणि ते पुन्हा होण्यासारखं होतं. कुंकवाचं तिनं साहेबांना स्वतःच सांगितलं. ते आधी ओरडले, मग सगळ्यांना चहा मागवला.

भिमाजी रिकामा डबा मांडीवर घेऊन बसले होते.

"ताई, माजं एक काम करा. ह्या बॅकअपची सगळी रीत इंग्रजी पुस्तकात हाय. मला ती वाचता येत न्हाई. तुमी मराठीत लिवा. टेप कवा घ्यायची, बाहेर कुठं ठिवायची. आन महिन्यातनं एकदा ती घालून खरंच वाचून बगायची. ते आपलं राहूनच गेल्तं, तुमचं बी आन माजं बी."

"लिहिते, काका."

"आन कुंकवाचं बी लिवा, लपवू नका. पुडच्या खंडेनवमीला त्या खुर्चीत जी कोन पोरगी असंल, तिला कुंकू कुठं लावायचं ते कळाया पायजे."