किटली सीटवर ठेवून उभी राहिलेली बाई

शिरूरच्या दवाखान्यात बाळाचं वजन वाढलेलं निघालं नाही. परतीच्या एसटीत माझा पंधरा दिवसांचा पहिला मुलगा भुकेनं किंचाळत होता आणि पदराखाली घेतला की तोंड फिरवत होता. आईला दोन सीट पुढे जागा मिळाली होती. दर थांब्याला ती मागे वळून विचारायची, "पितोय का गं?"

माझ्या शेजारच्या बाईच्या मांडीवर दुधाची रिकामी किटली होती. तिनं बाळाकडे एकदाही पाहिलं नाही. तळवे एकमेकांवर घासून गरम केले आणि एक माझ्या पाठीवर ठेवला.

"म्हस भ्याली की पान्हा चोरती," ती म्हणाली.

मला रागच आला. मी काय म्हैस आहे?

"तुमी कुणाला भ्येताय?"

"कुणाला नाही," मी म्हणाले, पण नजर आईच्या अंबाड्यावर गेली.

ती बाई उठली. किटली सीटवर ठेवली आणि आईकडे पाठ करून, पदर पसरून माझ्यापुढे उभी राहिली. कंडक्टरनं बसायला सांगितलं, तर म्हणाली, "पाय आखडल्यात."

पुढून आईचा आवाज आला, "पितोय का गं?"

"पितंय की, पोटभर!" त्या बाईनंच ओरडून सांगितलं.

तेव्हा तो पीत नव्हता. पण आई गप्प झाली, कितीतरी दिवसांनी माझे खांदे सैल पडले, आणि न्हावरे गाव यायच्या आत मला त्याच्या घशातला पहिला घोट ऐकू आला.