विनंतीवरून

“अहो मॅडम, तुम्ही आजवर एस.टी. चालवत होतात. आता खरं विमान बघा.”

मोठ्या कंपनीच्या वैमानिक संघटनेचे अध्यक्ष मला हे सर्वांसमक्ष म्हणाले. बोर धरणाजवळच्या एका रिसॉर्टचं सभागृह. एसीचा शिळा गारवा, कॉफीचा करपट वास, आणि हशा.

आमची छोटी कंपनी त्यांच्या कंपनीत विलीन झाली होती. दोन्हीकडच्या वैमानिकांची एकच ज्येष्ठता यादी करायची होती. कॅप्टनच्या डाव्या खुर्चीत कोण बसेल आणि सहवैमानिक म्हणून उजवीकडे कोण, हे ती यादी ठरवते. मी नऊ वर्षं विमान उडवत होते. त्यांतली चार वर्षं डाव्या खुर्चीत. पडद्यावर नावं सरकत राहिली. आम्ही एकवीस जण शेवटच्या पानावर होतो, टाचणीनं खाली टोचल्यासारखे. गेल्या वर्षी त्यांच्या कंपनीत रुजू झालेला पोरगाही माझ्या वर.

मी उभी राहिले. राग आला की माझी शिकलेली भाषा गळून पडते. “पण मले काऊन खाली...”

“मले?” मागून कुणीतरी म्हणालं. “मले, तुले.”

पुन्हा हशा. आणि मीही हसले. ते मला हसले यापेक्षा मी त्यांच्याबरोबर हसले, याची चीड मोठी आहे. ते हसू अजून दाताखाली खड्यासारखं येतं.

मग अध्यक्षांनी अर्ज वाटले. “उद्या सकाळी सह्या करून आणा. तुमच्या बाजूचं समितीत कुणी नाही, म्हणून आम्हीच सगळं सोपं करून ठेवलंय.”

संध्याकाळी मी आर्वीला घरी गेले. बाबा तिथल्या एस.टी. डेपोतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या तळहातांना अजून स्टिअरिंगचे घट्टे आहेत. ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत ते म्हणाले, “वाच, काय लिवलं हाय त्यात.” इंग्रजी अर्ज मी ओळीओळीनं मराठीत सांगू लागले. “मी स्वतःच्या विनंतीवरून या कंपनीत रुजू होत आहे...”

“थांब.” शेंग त्यांच्या बोटांत तशीच राहिली. “इनंती तू केलती काय?”

“नाई बाबा. मले कोणी विचारलंच नाई.”

“आमच्या डेपोत इनंती करून बदलीनं आला, त्याचं नाव यादीच्या बुडाशी. साहेबानं धाडला, त्याची जेष्ठता जागच्या जागी. पोराटोरालेबी ठाऊक होतं हे. मंग तू सही काऊन करून राह्यली?”

नऊ वर्षं ढगांच्या कडा, वाऱ्याची चाल, इंजिनाचा बदललेला सूर मला वाचता येत होता. आणि एक शब्द मला वाचता आला नव्हता. कॅप्टनच्या खुर्चीतून मला कुणी उठवत नव्हतं. मीच हात जोडून उठले, असं माझ्याच सहीनं लिहून घेत होते.

त्याच ओसरीवरून मी आमच्या बाकीच्या वीसही जणांना फोन लावले. प्रत्येकाला तोच प्रश्न विचारला, बाबांच्याच शब्दांत.

सकाळी सभागृहात एकवीस अर्ज टेबलावर ठेवले. प्रत्येकात ती ओळ खोडलेली. सही एकाही अर्जावर नाही.

अध्यक्षांनी चष्मा काढला. “हा काय पोरखेळ आहे?”

“आम्ही विनंती केलेली नाही,” मी म्हणाले. “तुम्ही कंपनी घेतली, तिच्याबरोबर आमची वर्षंही घेतलीत. ती मोजताना आमचा माणूस समितीत बसेल.”

“कोण बसणार? तुम्ही?”

“मी.”

“मॅडम, अशानं करिअर संपतं.”

“ते कालच्या यादीत तुम्ही संपवलंच होतं. मले आता भ्या दाखवू नका.”

या वेळी कुणी हसलं नाही. हसले असते, तरी मी हसले नसते.

यादी अजून ठरलेली नाही. निर्णय होईपर्यंत मला उजवीकडे बसवलं आहे. खांद्यावरची कॅप्टनची चौथी पट्टी काढून घेतली, तिथल्या कापडाचा रंग अजून गडद दिसतो. समितीची पुढची बैठक ठरली आहे. मला बोलावणं आलेलं नाही. मी जाणार आहे. खुर्ची ठेवली नाही, तर उभी राहीन. पण आमच्यातलं एकही नाव माझ्या देखत खाली सरकू देणार नाही.