अर्धा रोल काथात

काथमामांची तपकिरी बोटं पाहून नवखा माणूस हमखास त्यांच्यापुढे पान करायचा. मामा पान खात नसत. काथ ते फिल्म धुवायला वापरत.

परंड्याच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर, साऱ्या गावाच्या हाती मोबाइल असताना, यांना कृष्णधवल रोलचं वेड लागलं. विकतचं रसायन वर्ज्य. प्रत्येक रोल अंधारात चाचपत मधोमध कापायचा. धुण्याचा सोडा घालून अर्धा कॉफीत, अर्धा काथात. कॉफी भरवशाची. पण काथाचा डाग फिल्मवर बसला की म्हणे उन्हातलं पांढरं धोतरही फटफटत नाही, घडीन् घडी दिसते. "तोंडानं सांगू न्हाय, शेजारी ठिवून दावावं," म्हणत ते दोन्ही पट्ट्या येईल त्याच्या नाकासमोर धरायचे. मामी म्हणायच्या, "पाव्हण्याला आदी च्या तर पिऊ द्या!"

माझे वडील, म्हणजे मामांचे दाजी, फोटोसाठी मोबाइल समोर धरला की ताठ व्हायचे. मामांच्या कॅमेऱ्यापुढे मात्र ते किल्ल्याच्या दारात पोट धरून हसले. आठवड्याभरात ते गेले. आई त्या रोलकडे डोळे लावून बसली. कॉफीतल्या अर्ध्यावर बुरूज आले, शेळ्या आल्या. वडील काथातल्या अर्ध्यावर होते, आणि नव्या पुडीतला काथ भेसळीचा निघाला. पट्टीभर नुसता तपकिरी रंग.

मामा तेराव्याला आले नाहीत. कॅमेरा पेटीत गेला. आईनं निरोपावर निरोप धाडले, तरी बहिणीचं दार त्यांनी टाळलं.

वर्षानं मीच परंड्याला गेलो. मामांनी ती पट्टी माझ्या हाती दिली आणि बोटं लगेच खिशात लपवली. "दाजी हैत ह्यात. दिसंनात, येवढंच. सारा रोल काफीत घातला असता तर... अक्कापुढं कोणत्या तोंडानं जाऊ?"

एवढा मोठा माणूस माझ्यापुढे मान खाली घालून उभा होता. मला ते बघवेना. पट्टी खिडकीशी धरून मी म्हणालो, "दिसतायत की मामा. हसतायत."

मामांनी पट्टीकडे पाहिलंच नाही. "दाजीबी खोटं बोलताना असाच कान वढायचे."

माझा हात खरंच कानाशी होता. शरमेनं मी तो खाली घेतला.

"ऱ्हाऊ दे तसाच," मामा म्हणाले. बराच वेळ ते माझ्याकडे बघत राहिले. मग आत वळून हाक मारली, "अगं, माजी पिशवी भर. अक्काकडं जाऊन येतो."

धाराशिवच्या गाडीत ते माझ्या शेजारी बसले, दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून. समोरच्यानं बोटं पाहिली आणि पान पुढे केलं.

"खात न्हाय," मामा म्हणाले. "फोटू काढतो."