गिझेलाच्या दारावरची पाटी

श्टुटगार्टमधल्या त्या घरात जिना पुसायची पाळी दर आठवड्याला बदलायची. ज्याची पाळी, त्याच्या दारावर लाकडी पाटी लटकायची. शनिवारी जिना पुसून झाला, की ती पुढच्या दारावर अडकवायची. हेडविग हेबर्लेचं अर्धं आयुष्य त्या पाटीवर नजर ठेवण्यात गेलं होतं.

समोरच्या दारात गिझेला राहायची. दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी. महायुद्धात पडलेल्या घरांचा राडारोडा गावाच्या कडेला टाकून त्याचा डोंगर झाला होता, त्यात दोघींचीही घरं होती. रविवारी त्या डोंगरावर जाऊन बसायच्या आणि कुठल्याही दगडाकडे बोट दाखवून म्हणायच्या, "हे आमचं न्हाणीघर."

गिझेलाचे गुडघे गेले तेव्हा तिनेच भाडेकरूंच्या बैठकीत सुचवलं, जिन्याला सफाई कंपनीची माणसं लावू.

"मी मेल्यावर लावा," हेडविग सगळ्यांदेखत म्हणाली. "हिला पहिल्यापासूनच कामाचा कंटाळा."

गिझेला उसळली, "आधी गाव पाडलं, आता वर्षानुवर्षं स्टेशन खणतायत. ती सगळी धूळ मीच पुसायची का गं? मेलीस की ती पाटीच लावू तुझ्या थडग्यावर!"

लोक खो खो हसले. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद.

पुढचा आठवडा गिझेलाचा. शनिवार गेला, जिना तसाच. रविवारी हेडविग चर्चमधून आली तर पायऱ्यांवर बुटांचे मातकट ठसे आणि पाटी गिझेलाच्याच दारावर. ती थांबली. घंटीपर्यंत बोट गेलं. मग ते हसणं आठवलं. मुद्दाम करतेय. करू दे.

वरच्या मजल्यावरची योव्हाना खाली उतरत होती. "हेबर्लेबाई, गिझेलाबाई दिसल्या नाहीत दोन दिवस. किल्ली असते ना तुमच्याकडे?"

"ठणठणीत आहे ती. रुसलीय."

सोमवारी मात्र तिला ती घाण बघवेना. बादली घेऊन तिने स्वतःच वरपासून खालपर्यंत जिना पुसला, फडकं पिळून वाळत घातलं आणि आता चांगलं सुनावावं म्हणून गिझेलाची घंटी वाजवली. दोनदा. तीनदा. मग किल्ली लावली.

गिझेला स्वयंपाकघरात जमिनीवर पडली होती. शेजारी भरलेली बादली. जीव होता.

ती पुन्हा उभी राहिली नाही. तिला वृद्धाश्रमात ठेवलं आणि जिना कंपनीकडे गेला. हेडविग आलुबुखाराचा केक घेऊन भेटायला गेली.

"रविवारी तू दारापाशी थांबलीस," गिझेला म्हणाली. "तुझी पावलं ओळखते मी. हाक मारत होते, आवाजच फुटेना."

"मला वाटलं, तू मुद्दाम..."

"सोमवारी बादलीचा आवाजही ऐकला. आधी जिना पुसलास ना?"

हेडविगने मान हलवली.

"स्वच्छ निघाला?"

"हो."

"मग झालं तर," गिझेला म्हणाली आणि तिने केकची बशी बाजूला सारली.