सात आकडे, तेवीस गावं
आमचा तालुका मुंबई राज्यातून नुकताच म्हैसूर राज्यात गेला होता. कचेरीची पाटी कन्नड झाली, तक्ते जुनेच राहिले. मी तिथं कारकून होतो. एके दिवशी वरून हुकूम आला: प्रत्येक गावचं एकरी भात अपेक्षित आकड्याशी ताडून पाहा आणि पुढं 'जास्त' किंवा 'कमी' लिहा.

गावं तेवीस. अपेक्षित आकडे आले सात, तेही गावांच्या नावांशिवाय.

"आठव्या गावाला काय करू?" मी हेडक्लार्कना विचारलं.

पानाला चुना लावत ते म्हणाले, "सात संपले की पुन्हा पहिल्यापासून धर. रकाना रिकामा दिसता कामा नये."

मी धरलं. आठव्याला पहिला आकडा, नवव्याला दुसरा. दहाव्याला तिसरा आला, तो सगळ्यांत मोठा. गाव डोंगरउतारावरचं. मी 'कमी' लिहिलं. यादीतल्या कॅसलरॉकला नुसतं स्टेशन आणि जंगल, भातशेती नाहीच. तिथल्या शून्यापुढंही 'कमी' लिहिलं. अक्षर सुरेख आलं म्हणून बरंही वाटलं.

महिन्याभरानं दहाव्या गावचे पाटील रान तुडवत आले. हातात खुलासा मागणारं पत्र.

"कारकूनसाहेब, आमचं भात कमी हाय म्हणता. कुणापरास कमी?"

"वरून आलेल्या आकड्यापेक्षा."

"त्यो आकडा कुठल्या शेताचा?"

"ते कळवलेलं नाही."

"मग खुलासा तरी कुणाच्या शेताचा देऊ?"

मी त्यांना चहा पाजला आणि लाजेपोटी त्याच दिवशी वर लिहिलं की सात आकडे तेवीस गावांना पुरत नाहीत. हेडक्लार्कनी कुरकुरत सही केली.

उत्तर लवकर आलं. अडचण मान्य होती. यापुढं सोयीसाठी सर्व गावांना एकच आकडा.

तो आकडा गावोगाव कळला. पुढल्या हंगामात तेवीसही गावांनी तोच लिहून पाठवला, कॅसलरॉकनंसुद्धा. मी तेवीस वेळा ताडून पाहिलं. कुठं जास्त नाही, कुठं कमी नाही. तक्त्यात तिसरा शब्द नव्हता. हेडक्लार्कनी दोन दिवस विचार केला आणि सगळीकडं 'ठीक' लिहायला लावलं. वरून शाबासकीचं पत्र आलं.

त्या साली दहाव्या गावचं निम्मं भात रानडुकरांनी खाल्लं होतं. पाटलांनीच मला सांगितलं, पण कचेरीबाहेर, आवाज खाली करून.