लिंबावरचा आकडा

मार्कससर नसते तर माझ्या ओमकारचं काय झालं असतं, याचा विचार मला अजूनही पुरता करवत नाही. म्हणून त्यांचं नाव आधी घेते. झालं ते मग सांगते.

सर इथे कॅनडात, एडमंटनच्या एका विद्यापीठात फुटबॉलचे रिसीव्हर निवडायचे आणि घडवायचे. रिसीव्हर म्हणजे सुसाट पळत जाऊन लांबून फेकलेला चेंडू झेलणारा. इथला फुटबॉल हाताने खेळतात, हे मला मुलामुळे कळलं. सर धिप्पाड, गुडघ्यांनी अधू. टेनिसच्या चेंडूंवर मार्करने आकडे लिहून फेकायचे आणि मुलांनी झेलता झेलता आकडा ओरडून सांगायचा. "हाताचं नंतर बघू, आधी डोळे," म्हणायचे.

ते ओमकारला बघायला घरी येणार म्हटल्यावर मी गडबडले. आठवीत शाळा सुटलेली बाई मी. मुलगी बघायला येतात तशी तयारी केली. आम्ही राहतो ते बेसमेंट झाडलं, कांदेपोहे केले, मुलाला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. आणि अशा वेळी माणसं करतात तेच केलं, दुखणं झाकलं. दोन आठवड्यांपूर्वी शाळेच्या संघाच्या सरावात त्याचं डोकं आपटलं होतं, तेव्हापासून भोवळ यायची. "आई, प्लीज, डोन्ट से एनीथिंग," तो म्हणाला. हे ट्रक घेऊन मॅनिटोबाला गेलेले. विचारणार कुणाला? ॲडमिशन, फी, सगळं त्या एका भेटीवर होतं.

सरांनी दोनदा पोहे घेतले. मग बशीतलं अख्खं लिंबू उचललं, पेनाने त्यावर आकडा लिहिला आणि हसत म्हणाले, "कॅच."

ओमकारची मूठ लिंबाशेजारी रिकाम्या हवेत मिटली. लिंबू छातीवर आपटून पोह्यांत पडलं.

सर माझ्याकडे वळले. "मॅम, हाऊ लाँग?"

"टू वीक्स. सॉरी." एवढंच आलं मला, आणि रडू फुटलं.

"आई, व्हाय?" ओमकार ओरडला.

"तिच्यावर चिडू नकोस," सर इंग्रजीत त्याला म्हणाले. "आज या घरात खरं बोलणारी तीच निघाली." ताटली तशीच ठेवून त्यांनी आम्हाला स्वतःच्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टरांनी हेल्मेट घालून मैदानात उतरणं बंद केलं. डोक्याला आणखी एक धक्का बसता तर कायमचं काहीही झालं असतं, म्हणाले. सरांनी संघात त्याची जागा मात्र राखली. "खेळणार नाही, माझ्याजवळ उभा राहील." सीझनभर तो मैदानाच्या कडेला उभा आणि मी थंडीत गारठून वर प्रेक्षकांत बसलेली. सामना संपला की सर पाच पावलांवरून आकडा लिहिलेला चेंडू अलगद त्याच्याकडे टाकायचे. "सात." "नाही, एक. पुन्हा." मी नुसती बघायचे.

संघ हरत गेला. न खेळणाऱ्याला जागा दिली, हेही कुणीतरी सरांच्या नावावर मांडलं. त्यांचं काँट्रॅक्ट वाढलं नाही. मी कुणाकडे जाऊन काय सांगणार होते? कुठल्या दारात जायचं तेही ठाऊक नव्हतं.

नव्या नोकरीसाठी हॅलिफॅक्सला निघण्याआधी सर पोहे खायला आले. "तिकडेही घरोघरी जाणार?" मी ओमकारकरवी विचारलं.

"जाणार. आणि तिकडेही आया लपवणार."

डॉक्टरांनी ओमकारला अजून हो म्हटलेलं नाही. मी लायब्ररीतल्या इंग्रजीच्या वर्गाला जाते. सर, एखादी आई तुमच्यासमोर गप्प बसली तर मला फोन लावा. ओमकारला मध्ये न घेता मी तिच्याशी बोलेन. तुमचं एवढं तरी मी फेडीन.